मोरीला कान लावणारे कडुबा मिस्त्री

कडुबा मिस्त्री घरात आले की आधी पंखे बंद करायला लावायचे. मग टीव्ही. मग मिक्सर चालू असेल तर तो. कुणी देवघरात घंटा वाजवत बसलं असेल तर त्यालाही हात जोडून म्हणायचे, "दोन मिनिटं थांबा, देवाला बी ऐकू द्या." सगळं घर गप्प झालं की चपला उंबऱ्याबाहेर काढून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ते मोरीत शिरायचे, उकिडवे बसायचे, उजवा कान जाळीच्या अगदी जवळ न्यायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. हत्यारांची पिशवी तोवर दाराबाहेरच. "पिशवी आधी उघडली का हाताला खाज सुटती," असं त्यांचं म्हणणं. "मंग जे बिघडलं नाय ते बी माणूस खोलून ठिवतो."

मी तीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हवेचा दाब हा माझा हातखंडा धडा. काचेच्या पेल्यात काठोकाठ पाणी भरायचं, वर पुठ्ठा ठेवायचा, पेला उलटा करायचा, पुठ्ठा पडत नाही, पोरं टाळ्या वाजवतात, बाई खूश. हवा ढकलते, हवेला जागा लागते, हे मी किती वर्गांना लिहून दिलं असेल कोण जाणे. ते माझ्या स्वतःच्या घरात कुठे घडतं हे मात्र मला सातवी नापास कडुबा मिस्त्रींनी न्हाणीघरात बसून शिकवलं. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिताना माझं थोडं हसं होणार आहे. होऊ दे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबानं घर सोडायचं की नाही, हे एकदा या माणसाच्या कानावर येऊन ठेपलं होतं, आणि त्या प्रकरणात मी काही शोभा वाढवली नव्हती.

अंगानं किडकिडीत, डोक्याला पांढरा रुमाल, शर्टाच्या खिशात उदबत्तीचा पुडा. लोकांना वाटायचं मिस्त्री भाविक आहेत. उदबत्ती कामाची होती. मोरीच्या जाळीवर ती पेटवून धरायची आणि वरच्या घरात कुणाला तरी फ्लश ओढायला सांगायचं. धूर आत ओढला जातोय की बाहेर ढकलला जातोय, ते बघायचं. धूर सरळ वर जात राहिला तर मिस्त्री उठून हात धुवायचे आणि म्हणायचे, "हितं काय नाय. दुसरी मोरी दावा."

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "आवाज पाण्यासंगं येतो का पाण्यामागून?"

निम्म्या लोकांना हा प्रश्नच कळत नसे. आवाज येतो म्हणजे येतो. मग मिस्त्री स्वतः बादली ओतून दाखवत. पाणी जातानाच घुटमळत, कुरकुरत जात असेल तर आत काहीतरी अडकलंय. पाणी झपकन निघून गेलं आणि त्याच्या मागून गुडगुड झाली, तर अडकलेलं काही नाही, पाइपाला हवा मिळत नाही. पाणी खाली जाताना मागे हवा मागतं. वरून मिळाली नाही तर ते शेजारच्या मोरीतून ओढतं. म्हणूनच प्रत्येक मजल्यावरचे पाइप ज्या उभ्या पाइपाला जोडलेले असतात, तो गच्चीच्याही वर नेऊन तोंडाशी उघडा ठेवतात. एवढी साधी गोष्ट. पण शहरातले निम्मे प्लंबर ती न ऐकताच फरशी फोडायला घेतात, आणि घरमालकालाही फरशी फुटली की काहीतरी काम झाल्यासारखं वाटतं.

हा कान त्यांना मेंढरांनी दिला होता. त्यांचं घर फुलंब्रीकडचं, मेंढरं राखणारं. ओला लसूणघास जास्त खाल्ला की मेंढीचं पोट डाव्या अंगानं फुगतं आणि वेळेत कळलं नाही तर ती जाते. वडील त्यांना मेंढीच्या कुशीला कान लावून बसवायचे. "आत हवा कोंडली का पोट मुकं व्हतं," कडुबा सांगायचे. "चरणाऱ्या मेंढीचं पोट सारखं बोलतं. बोलायचं थांबलं का बा ओरडायचा, ऊठ, ही चालली." पुढे मेंढरं कमी झाली, कडुबा शहरात आले, बांधकामावर पाइप उचलता उचलता मिस्त्री झाले. ते म्हणायचे, धंदा बदलला, कान तोच ठेवला.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या कंजूषपणामुळे. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, कधी तेही नाही, आणि त्यामुळे इथला भला भला माणूस पाण्याच्या बाबतीत चिक्कू झालेला आहे. मी तर जास्तच. पाहुण्यांसाठीचं न्हाणीघर मी बंदच ठेवलं होतं, म्हणजे तिथं पाणी वाया जायला नको. दोन महिन्यांनी त्यातून असा वास यायला लागला की उंदीर मेलाय असं वाटून मी माळे रिकामे केले. दोन प्लंबर येऊन गेले. एकानं कमोड बदला म्हणून सांगितलं.

कडुबा मिस्त्री आले, बसले, कान लावला, उदबत्ती लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, एक तांब्या पाणी द्या."

मी आणून दिला. मला वाटलं तहान लागली असेल. त्यांनी तो सगळाच्या सगळा मोरीत ओतला. मग स्वयंपाकघरातून चमचाभर गोडं तेल मागितलं आणि तेही त्यावर सोडलं. "झालं," म्हणाले.

मी म्हटलं, "काय झालं?"

"ह्या जाळीखाली पाइपाला वाकण असतं. त्यात वाटीभर पाणी कायम ऱ्हायला पायजे. ते पाणी गटाराच्या वासाला धरून ठिवतं. तुमी दोन महिने थेंब टाकला नाय, ते वाळून गेलं. आता तेल वर हाय, लवकर वाळणार नाय."

बाष्पीभवन मी आठवीला शिकवत होते. तेलाचा तवंग पाण्यावर का तरंगतो, हे सातवीला. मी चहा टाकला. त्यांनी चहा घेतला, दुसरं काही घेतलं नाही. तांब्याभर पाण्याचं काय घ्यायचं, म्हणाले.

त्यानंतर ज्यांच्या ज्यांच्या घरी गुडगुड व्हायची, त्यांना मी कडुबांचं नाव सांगू लागले, आणि त्यांच्या हकिगती माझ्याकडे परत येऊ लागल्या. त्यातली एक माझ्या मावसभावाची. त्यानं बीड बायपासला नवीन बंगला बांधला. सगळीकडे महागडी फरशी. पहिल्याच थंडीत चारही न्हाणीघरांतून रात्रंदिवस गुडगुड. बांधणाऱ्यानं दोन ठिकाणी फरशी फोडून पाइप बदलले, आवाज तसाच. भाऊ रडकुंडीला आला. मी कडुबांना घेऊन गेले. त्यांनी एका मोरीत कान लावला, दुसऱ्या मोरीत लावला, आणि उठून विचारलं, "गच्चीवर कोण जातं?"

गच्चीवर भाऊ जात होता. डासांचा त्रास होतो म्हणून हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, असं महापालिकेची माणसं दरवर्षी घरोघरी सांगायला येतात, आणि ते बरोबरच आहे. भावाला जाळी सापडली नव्हती. त्यानं स्वतःची जुनी लोकरीची माकडटोपी पाइपाला घालून वरून सुतळीनं घट्ट आवळली होती. धूळ बसून ती टोपी पत्र्यासारखी कडक झाली होती.

कडुबा ती टोपी हातात घेऊन खाली उतरले आणि भावाच्या हातात देऊन एवढंच म्हणाले, "ह्याला काय थंडी वाजत व्हती का?" भाऊ अजून कुणाला ती हकिगत सांगू देत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

हे सगळं ऐकून माणूस कधी चुकतच नसावा असं वाटेल. ते चुकत. एकदा एका घरी त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की हवेचा दोष आहे, गच्चीवरचा पाइप साफ केला आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलावता परत आले. रात्री झोपेत तो आवाज त्यांना पुन्हा आठवला होता आणि तो पाण्यासंगं होता, मागून नव्हता, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी वाकण खोललं, आत त्या घरच्या नातवाची स्टीलची वाटी आडवी बसलेली. "मी चुकलो," त्यांनी घरच्यांसमोर कान धरला, "कालचं काम माझं खोटं." आणि त्यानंतर ते कुठल्याही घरी गेले की आधी ती वाटीची गोष्ट सांगायचे. आपली चूक अशी गावभर सांगत फिरणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. शिक्षकांत तर नाहीच.

आता आमच्या इमारतीचं.

आमची इमारत गारखेड्यात, तीन मजली, जिन्याच्या दोन बाजूंना तीन तीन घरं. आमच्या बाजूला तळाशी मी, माझ्या डोक्यावर सोसायटीचे अध्यक्ष बोरसे साहेब, आणि सगळ्यात वरचं घर भाड्यानं दिलेलं. मालक पुण्याला. दिवाळीनंतर तिथं देवगाव रंगारीचं एक कुटुंब राहायला आलं. गणेश वाळूजला कारखान्यात कामाला, बायको सविता, दोन लहान मुली आणि गणेशची आई गयाबाई. मुलींना समोरच्याच गल्लीतल्या शाळेत घातलं, ती शाळा बघूनच गणेशनं हे घर घेतलं होतं.

गयाबाई भांडी राखेनं घासायच्या. साबणानं भांड्याचा वास जात नाही, असं त्यांचं ठाम मत. गावाहून राखेचं पोतं यायचं आणि जिन्यात थोडी सांडायची. बोरसे साहेबांच्या डोळ्यांत ते पोतं पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

मग गुडगुड सुरू झाली. वर बादली ओतली की बोरसेंच्या बेसिनमध्ये आणि माझ्या मोरीत गुडगुड, आणि पाठोपाठ घाण वास. वर पाणी टाकलं नाही तर काहीच नाही. एक प्लंबर आला, लोखंडी स्प्रिंग घालून गेला. दुसरा आला, त्यानंही तेच केलं. फरक पडला नाही.

सोसायटीची बैठक झाली. वर पाणी पडतं तेव्हाच आवाज होतो. वरचे येण्याआधी आवाज होत नव्हता. वरच्यांच्या घरात राख वापरतात. तेव्हा पाइपात राख बसली आहे. हे अनुमान बैठकीत मांडणारी बाई मी होते, आणि फळ्यासमोर उभी असल्यासारखं एकामागून एक मुद्दा घालून मी ते मांडलं. गणेश म्हणाला, आई साबण वापरील. बोरसे म्हणाले, आता पाइप गेला तो गेला, अशी माणसं इथं नकोत. मालकाला पत्र लिहायचं ठरलं, महिनाअखेर भाडेकरूंनी घर रिकामं करावं म्हणून. पत्राचा मसुदाही मीच केला. माझं शुद्धलेखन चांगलं आहे. मालकानं फोनवर होकार दिला.

मला तोवर कडुबांना बोलवावंसं का वाटलं नाही, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं. उत्तर मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती, दुसरं काही कारण नाही.

महिना संपायला चार दिवस उरले होते तेव्हा गणेश माझ्या दारात आला. आत आला नाही. म्हणाला, "मॅडम, तुमच्या वळखीचे ते कान लावणारे मिस्त्री हायेत ना. त्यांनला एकदा दाखवा. त्यांनी राख म्हटलं तर आमी मुकाट जातो. आईनं जेवणच टाकलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कडुबा आले. सहाही घरांतले पंखे आणि टीव्ही बंद झाले. बोरसे साहेबांचा टीव्ही बंद व्हायला जरा वेळ लागला. मिस्त्री माझ्या मोरीत बसले, कान लावला, आणि मला म्हणाले, वर सांगा, एक बादली एकदम ओता.

मी जिन्यातून हाक दिली. वरून पाणी सुटल्याचं ऐकू आलं, आणि माझ्या मोरीतलं पाणी उकळल्यासारखं नाचलं. गुडगुड झाली. मिस्त्रींचे डोळे मिटलेलेच होते.

"अजून एक."

पुन्हा तेच. मग त्यांनी उदबत्ती लावली आणि तिसरी बादली मागितली. धुराची रेघ एकदम वर उसळली, फिसकटली. ते उठले.

"पाण्यामागून," म्हणाले.

ते जिन्यानं वर निघाले आणि मी त्यांच्या मागे. पहिल्या वळणावर गयाबाई समोरून खाली येत होत्या. दोन्ही हातांत धरलेली बादली, त्यात खरकटं, काळपट पाणी. एकेक पायरी थांबून थांबून उतरत होत्या. आम्हाला बघून त्या भिंतीला चिकटल्या.

"मावशी, हे काय?" कडुबांनी विचारलं.

"भांड्याचं पाणी हाय. मोरीत टाकलं का खाली आवाज व्हतो म्हणत्यात. म्हून रस्त्याकडंच्या लिंबाखाली टाकते."

"किती दिवसापासून?"

"झाला की महिना."

मी गेला महिनाभर त्या लिंबाखालचा चिखल बघत होते आणि महापालिकेच्या नावानं बोटं मोडत होते. कडुबांनी त्यांच्या हातातली बादली घेतली, स्वतः खाली नेऊन ओतली, रिकामी आणून दिली. मी त्यांना कधी चिडलेलं बघितलं नव्हतं आणि तेव्हाही त्यांचा आवाज चढला नाही. पण रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं आणि पुन्हा बांधायला बराच वेळ घेतला.

वर जायचं सोडून ते खालीच थांबले आणि अंगणातल्या सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण उघडलं. बोरसे साहेब वाटच बघत होते. चेंबरच्या तळाशी राखाडी थर दिसत होता.

"बघा," बोरसे म्हणाले. "राख. मी काय सांगत होतो?"

सगळे वाकून बघायला लागले. गणेशचा चेहरा उतरला. कडुबांनी हात घालून चिमूटभर गाळ काढला, बोटांवर चोळला, वास घेतला.

"राखच हाय," ते म्हणाले. "बरं मला सांगा साहेब, ही हितवर कशी आली?"

"पाइपातून."

"वरून तीन मजले उतरून आली ना? जी हितवर आली ती अडली कुठं?"

महिनाभर सहा घरांनी, दोन प्लंबरांनी आणि एका विज्ञानाच्या बाईनं जे बघितलं होतं तेच त्यांनी बघितलं होतं. ती राख सगळ्यांनी गुन्ह्याचा पुरावा म्हणून धरली होती. पाइप साफ असल्याचा पुरावा तोच आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तो प्रश्न मला अजूनही आठवतो.

"गच्चीची किल्ली द्या," कडुबा म्हणाले.

गच्चीवर आम्ही दोघंच गेलो. पलीकडच्या बाजूला छातीइतक्या उंचीचा पाइप उभा होता, तोंडाला जाळी. आमच्या बाजूला पाइप नव्हता. तिथं ओळीनं तीन काळ्या टाक्या होत्या. आठवड्याचं पाणी साठवायचं तर या शहरात एका टाकीवर कुणाचं भागत नाही, प्रत्येक गच्चीवर दरवर्षी टाक्या वाढतात. मधली टाकी विटांच्या ओट्यावर होती. कडुबा त्या ओट्याशी बसले आणि त्याच्यावर तळहात ठेवला.

"हा वटा कवा बांधला?"

"दिवाळीनंतर," मी म्हटलं.

"आन् वरची माणसं कवा आली?"

"दिवाळीनंतरच."

ते शहराच्या कडेच्या सातारा डोंगराकडे बघत राहिले. आणि मला तो दिवस आठवला. मी स्वयंपाकघरात होते, गॅसवर दूध होतं, गवंड्यानं गच्चीच्या दारातून मोठ्यानं विचारलं होतं, मॅडम, इथं एक पाइप मधे येतोय, कापू का? मी विचारलं होतं, पाणी येतं का त्यातून? तो म्हणाला, नाही, कोरडाच आहे. मी म्हटलं होतं, मग काप. आमच्याकडे ज्या पाइपातून पाणी येत नाही तो बिनकामाचा, हे लहान मूलही सांगेल. गवंड्यानं पाइप कापला, त्याच्या तोंडावर फरशी बसवून सिमेंट लावलं आणि वर माझी टाकी ठेवली. टाकीवर पांढऱ्या रंगात माझ्या घराचा नंबर लिहिलेला होता, हातभर मोठा. कडुबांना वाचता येत होतं.

आम्ही खाली आलो. सगळे गाड्यांच्या जागेत उभे होते. गयाबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या.

"हवेचा पाइप दबलाय," कडुबांनी सांगितलं. "टाकीखाली. राखंचा काय संबंध नाय. टाकी सरकवायची, पाइप परत वर काढायचा. एका दिवसाचं काम हाय."

"कुणाची टाकी?" बोरसेंनी विचारलं.

कडुबा खाली वाकून पिशवीचा पट्टा सोडवत बसले. तो पट्टा काही अडकलेला नव्हता. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मोरीशी बसायचे तसेच ते बसले होते, मान कलती करून, घर गप्प झाल्यावर काय ऐकू येतं त्याची वाट बघत. एक रिक्षा रस्त्यावरून गेली. मला वाटलं, ते सांगून टाकतील तर बरं. ते सांगणार नव्हते.

"माझी," मी म्हटलं. "आणि पाइप कापायला मीच सांगितलं होतं."

बोरसे साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मग चेंबरचं झाकण नीट बसलंय का ते पायानं चाचपत राहिले. मी गयाबाईंच्या समोर गेले. वर्गात इतकी वर्षं बोलले, पण त्यांच्यापुढे मला वाक्य जुळवता येईना. "चुकलं माझं," एवढंच म्हणता आलं. त्या माझा हात धरून उठल्या. "तसं नाय ओ बाई," म्हणाल्या, "मला खरंच वाटलं व्हतं का माझ्याच हातानं व्हतंय. पोरींची शाळा सुटती का काय म्हून झोप नव्हती." त्यांचा हात पाण्यानं भिजून भेगाळलेला होता. मला मान वर करवेना.

भाडेकरूंना राहू द्यावं म्हणून मालकाला दुसरं पत्र मी त्याच दुपारी लिहिलं. त्यावर सहाही घरांच्या सह्या झाल्या. बोरसेंची सगळ्यात शेवटी, पण झाली.

कडुबा मिस्त्री आता गावीच असतात. गुडघे जिने चढायला तयार नाहीत. कधी फोन केला तर मोरीजवळ फोन धरायला सांगतात आणि ऐकून उत्तर देतात, पण भेट नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते या सगळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, आमच्याच गच्चीवर.

माझी टाकी सरकवून ओटा फोडला होता. सिमेंटखालून पाइपाचं तोंड निघालं होतं, त्याला जोड देऊन कडुबांनी तो माझ्या खांद्याइतका वर आणला होता. खाली माझ्या न्हाणीघरात सगळी इमारत गोळा झाली होती, बोरसे साहेब तर मोरीच्या जाळीशेजारी उकिडवे बसले होते. गयाबाईंना सांगितलं होतं, राख घ्या, सगळी भांडी काढा आणि हव्या तेवढ्या बादल्या ओता. त्या भीत भीत तयार झाल्या. पाणी सुटल्याचं ऐकू आलं. मोरीतलं पाणी जागचं हललं नाही. आवाज नाही. पुन्हा ओतलं, पुन्हा काही नाही. सविता जिन्यात उभी होती, तिनं पदर तोंडाशी धरला आणि मुलींना जवळ ओढलं.

मी हे सांगायला गच्चीवर धावले. धापा टाकत म्हटलं, "मिस्त्री, आवाज नाही."

त्यांनी नुसती मान हलवली. पाइपाच्या उघड्या तोंडावर त्यांचा तळहात होता, जेमतेम बोटभर वर. ते बाजूला झाले आणि म्हणाले, "धरा हात."

मी हात धरला. खालून गयाबाईंनी बादली ओतल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी माझा तळहात खाली ओढला गेला. हलकेच, पण चुकायचं कारण नाही इतका स्पष्ट. गच्चीवरची हवा माझ्या बोटांमधून पाइपात चालली होती. आयुष्यभर शिकवलेली गोष्ट पहिल्यांदा माझ्या हाताला लागली होती, आणि मला रडू आलं.

कडुबांनी ते बघितलं नसल्यासारखं केलं. माझा हात हळूच बाजूला करून त्यांनी पुन्हा आपला तळहात तिथं धरला आणि डोळे मिटले. खाली स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता.

"कढई झाली," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "हे मोठं पातेलं."

मी त्यांना म्हटलं, काम झालं, ऊन लागतंय, खाली चला, चहा टाकलाय. ते हो म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. मी खाली आले. गयाबाईंची भांडी बरीच होती, त्या एकेक निगुतीनं घासत होत्या आणि प्रत्येकाचं पाणी मोरीत टाकत होत्या. शेवटचं भांडं होईपर्यंत कडुबा मिस्त्री गच्चीवरून उतरले नाहीत.